ग्रिड डेटाचा नकाशा कोरा, उलटा किंवा सरकलेला येतोय? या क्रमाने तपासा

कोड चालतो, एरर येत नाही आणि तरी नकाशा चुकतो. ग्रिड डेटाच्या, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या चौकोनी घरांत भरलेल्या आकड्यांच्या, बाबतीत हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी नकाशा बघायच्या आधी आकडे मागतो. पावसाळा लागला किंवा प्रबंध द्यायची तारीख जवळ आली, की इंदूरमधली भूगोल, शेती आणि पर्यावरण शिकणारी मुलं लॅपटॉप घेऊन येतात. बिघाड दहा तऱ्हांचे दिसतात, मुळं मात्र चार-पाचच असतात.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कोणतं ते ओळखा.

- चौकट येते, किनारपट्टी येते, आत काहीच नाही.
- सगळा देश एकाच रंगाचा.
- काश्मीर खाली, कन्याकुमारी वर.
- नकाशाभर तिरके पट्टे, टीव्हीचं चित्र बिघडल्यासारखे.
- पाऊस ठीक दिसतो, पण शेजारच्या तालुक्यावर पडलेला.
- आकार जुळत नाहीत अशी तक्रार करून पायथन थांबतो.
- जिल्ह्यांच्या सीमा गायब, किंवा भलत्याच राज्यात.
- कार्टोपाय उघडतच नाही.

पुढचं सगळं पायथनच्या एक्सअरे (डेटा वाचायला), मॅटप्लॉटलिब (चित्र काढायला) आणि कार्टोपाय (नकाशासाठी) या नेहमीच्या तिकडीबद्दल आहे. उदाहरणांना हवामान खात्याचा ०.२५ अंशाचा रोजचा पाऊस आणि युरोपच्या हवामान केंद्राचा जगभराचा ईआरए-५ हे दोन डेटा घेतले आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक जण यांच्यावरच काम करतात. कमांडची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

आधी आकडे, मग रंग

नकाशाचा कोड बाजूला ठेवा. ॲरेचा (आकड्यांच्या तक्त्याचा) आकार, किमान आणि कमाल किंमत, अक्षांश-रेखांशाचे पहिले आणि शेवटचे आकडे छापून घ्या. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. तरी लोक हे सोडून आधी रंगपट्टी बदलत बसतात.

किमान उणे ९९९ आली तर एकरंगी नकाशाचं कारण सापडलं. हवामान खात्याच्या पावसाच्या ग्रिडमध्ये समुद्रावर आणि देशाबाहेरच्या बिंदूंवर ही खूण भरलेली असते. रंगपट्टी तिथून सुरू झाली की शून्यापासून दोनशे मिलिमीटरपर्यंतचा सगळा पाऊस शेवटच्या एक-दोन छटांत दाटीवाटीने बसतो. 'व्हेअर' वापरून शून्याखालचं सगळं रिकामं करा आणि पुन्हा काढा. तापमानाच्या ग्रिडमध्ये हीच खूण ९९.९ आहे. ती जास्त फसवी, कारण ती आकड्यासारखा आकडा दिसते. ही सफाई सरासरी काढायच्या आधी करायची. एकदा का जिल्ह्याच्या सरासरीत दोन-चार ९९.९ मिसळले, की उरलेल्या आकड्यावरून चूक ओळखता येत नाही.

कमाल ०.०८ वगैरे दिसली तर डेटा ईआरए-५चा आहे आणि पाऊस मीटरमध्ये आहे. हजाराने गुणा. तापमान तीनशेच्या घरात असेल तर ते केल्व्हिन, २७३.१५ वजा करा.

आणि आकारात कुठे शून्य दिसलं तर कोऱ्या नकाशाच्या दोन मुख्य कारणांपैकी पहिलं हाती लागलं. ईआरए-५मध्ये अक्षांश उत्तर ध्रुवापासून खाली येतात, ९० पासून उणे ९० पर्यंत. तुम्ही 'स्लाइस' मध्ये २० ते २६ मागितलं की एक्सअरे मुकाट्याने रिकामा तुकडा देतो. त्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे, म्हणून एरर नाही. २६ ते २० मागा, किंवा आधी अक्षांश चढत्या क्रमाने लावून घ्या. हवामान खात्याचे अक्षांश दक्षिणेकडून चढत जातात. म्हणूनच एका डेटावर चाललेला कोड दुसऱ्यावर कोरा नकाशा देतो.

आकार जुळत नाहीत ही तक्रारही इथेच मिटते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते. 'ट्रान्सपोज' करताना क्रमांक न देता नावं द्या, म्हणजे पुन्हा घोळ होणार नाही.

बायनरी फाइल असेल तर वजन करा

हवामान खात्याची जीआरडी फाइल (नुसते आकडे, सोबत अक्षांश-रेखांश नाहीत) वापरत असाल तर हा तपास टाळू नका. नेटसीडीएफ फाइल (जिच्यात अक्षांश-रेखांशही असतात) वापरणाऱ्यांनी पुढे जावं.

या ग्रिडमध्ये १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश आहेत: ६.५ ते ३८.५ उत्तर, ६६.५ ते १००.० पूर्व. प्रत्येक आकडा चार बाइटांचा. साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटांची असते, लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटांची. एक बाइटही कमी असेल तर डाउनलोड अर्धवट आहे. कोडशी झटापट न करता फाइल पुन्हा उतरवा.

तिरक्या पट्ट्यांचा रोगही इथलाच. वाचताना ३६५, १२९, १३५ असा आकार द्यायचा असतो (लीप वर्षाला ३६५ ऐवजी ३६६). कुणी ३६५, १३५, १२९ लिहिलं तरी गुणाकार तोच, म्हणून पायथन हूं की चूं करत नाही. मात्र प्रत्येक ओळ सहा-सहा घरांनी सरकत जाते आणि पावसाचे तिरपे पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले की दुसरं काही शोधूच नका.

माहीत असलेला बिंदू विचारा, पण एकटं इंदूर विचारू नका

मुलं इथे हमखास अडकतात, आणि त्यांचा फारसा दोष नसतो.

कल्पना सोपी आहे. ज्या दिवसाचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तो दिवस घ्या. इंदूरकरांसाठी २२ ऑगस्ट २०२० उत्तम. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती, आणि आदल्या रात्रीपासून शहरात दहा इंचांच्या आसपास पाऊस कोसळला होता. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. ग्रिडमधला जवळचा बिंदू २२.७५, ७५.७५. शून्यापासून मोजलं तर दिवस २३४, ओळ ६५, स्तंभ ३७. तिथला आकडा आजूबाजूच्या दिवसांपेक्षा ठळक मोठा दिसायला हवा. मोजणी केंद्राइतकाच आकडा मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ग्रिडचा आकडा आसपासच्या पर्जन्यमापकांना अंतराप्रमाणे वजन देऊन काढलेला असतो, त्यामुळे शिखरं थोडी बसतात.

तारखेचंही भान हवं. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजला जातो आणि ज्या सकाळी मोजणी संपते त्या तारखेवर टाकला जातो. म्हणून शुक्रवारी रात्रीचा पाऊस शनिवारच्या नावावर सापडतो. ईआरए-५ची वेळ ग्रीनिचची, म्हणजे आपले साडेआठ हे तिथले तीन. दोन्ही डेटा शेजारी ठेवताना दिवस तीन वाजता तोडला नाही तर पाऊस एक दिवस मागेपुढे दिसतो. मग लोक नकाशाला दोष देतात.

आता मेख. ओळ आणि स्तंभ उलटे लिहिले, म्हणजे ३७ आणि ६५, तर तुम्ही १५.७५ उत्तर, ८२.७५ पूर्व इथे जाता. तो बंगालचा उपसागर. उणे ९९९ मिळतं आणि चूक लगेच कळते. पण अक्षांश वरखाली उलटलेले असतील तर? ग्रिडचा मध्य ६.५ आणि ३८.५ च्या बरोबर मधे, २२.५ अंशांवर. ग्रिड उलटवलं तर इंदूरचा बिंदू २२.७५ वरून फक्त २२.२५ वर येतो. म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटर दक्षिणेला, नर्मदेच्या बाजूला. मोठ्या पावसात दोन्हीकडचे आकडे बऱ्यापैकी सारखे असू शकतात. नकाशा पूर्ण उलटा, तरी इंदूर बरोबर! बडोदेकरांचंही तेच, वडोदरा २२.३ अंशांवर आहे. ग्वाल्हेरला ही अडचण नाही. तिथला २६.२५ चा बिंदू उलटला की १८.७५ वर जातो आणि फरक डोळ्यांत भरतो.

म्हणून दुसरा बिंदू नेहमी दूरचा घ्यायचा. मी शिलाँग घेतो: २५.५ उत्तर, ९२.० पूर्व, ओळ ७६, स्तंभ १०२. ग्रिड सरळ असेल तर जून-जुलैत तिथे खराखुरा पाऊस दिसेल. उलटं असेल तर हाच बिंदू १९.५ अंशांवर, समुद्रात पडतो आणि उणे ९९९ येतं. दोन बिंदू, दोन ओळींचा कोड, शंका संपली.

ग्रिड सरळ आहे आणि चित्रच उलटं येतंय, असं असेल तर बहुधा तुम्ही 'इमशो' वापरताय. ते पहिली ओळ वर ठेवतं, कारण ते फोटोंसाठी बनलेलं आहे. 'ओरिजिन' मध्ये 'लोअर' द्या. त्याहून बरं म्हणजे नकाशासाठी 'इमशो' सोडून 'पीकलरमेश' वापरा, त्याला अक्षांश-रेखांश खरोखर कळतात.

काल चालत होतं, आज कोरं: ट्रान्सफॉर्म

कोऱ्या नकाशाचं दुसरं मोठं कारण हे. कार्टोपायला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात. कागद कसा आहे, ते प्रोजेक्शन. डेटाचे आकडे कोणत्या मापात आहेत, ते ट्रान्सफॉर्म. अक्षांश-रेखांशाच्या ग्रिडसाठी ट्रान्सफॉर्म कायम 'प्लेटकॅरे', मग कागद कोणताही असो.

दुसरी गोष्ट सांगितली नाही तर कार्टोपाय समजतं की डेटा कागदाच्याच मापात आहे. कागदही 'प्लेटकॅरे' असला की योगायोगाने सगळं जुळतं आणि चूक महिनोन्‌महिने झाकली राहते. मग गाइड म्हणतात, नकाशा मर्केटरमध्ये दे. तुम्ही एक शब्द बदलता आणि पान कोरं. मर्केटरचं माप मीटरमध्ये आहे, तिथे इंदूर शून्य रेखांशापासून सुमारे ८४ लाख मीटरवर येतं. तुमचा डेटा मात्र ६६ ते १०० म्हणतोय, म्हणून ते ६६ ते १०० मीटर धरले जातात. अख्खा देश ३४ मीटर रुंदीचा होऊन आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जाऊन पडतो. तो काढलेला असतो बरं का, फक्त दिसत नाही. 'पीकलरमेश', 'कंटूरएफ', 'स्कॅटर', 'टेक्स्ट' या प्रत्येक हाकेत ट्रान्सफॉर्म द्यायची सवय लावा, गरज नसली तरीही.

याच ठिकाणी चौकटीचा क्रमही पाहून घ्या: 'सेट एक्स्टेंट' ला पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर असा हवा. जीआयएस (नकाशाची सॉफ्टवेअरं) वापरणाऱ्यांच्या सवयीने पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर लिहिलं की भलताच प्रदेश समोर येतो.

इंदूरचा पाऊस देवासच्या वाटेवर

हा दोष सगळ्यात कमी दिसतो आणि सगळ्यात जास्त छापला जातो. ग्रिडमधला आकडा घराच्या मध्याचा असतो, फरशीच्या मधोमध टिकली ठेवावी तसा. काढणाऱ्याने तो मध्य न धरता कोपरा धरला तर प्रत्येक घर अर्ध्याने सरकतं. ०.२५ अंशाच्या ग्रिडमध्ये अर्धं घर म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे १४ किलोमीटर उत्तरेला आणि १३ किलोमीटर पूर्वेला. इंदूरचा पाऊस देवासच्या निम्म्या वाटेवर जाऊन पडतो. देशाच्या नकाशात हे कुणाला कळत नाही, जिल्ह्याच्या नकाशात निष्कर्ष बदलतो.

मॅटप्लॉटलिब जुनं असेल, किंवा कुठल्या तरी जुन्या उदाहरणातून कोड उचलला असेल, तर 'शेडिंग' कडे पाहा. 'फ्लॅट' असेल आणि अक्षांश-रेखांश डेटाइतकेच असतील, तर जुन्या आवृत्त्या शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ टाकून देत आणि घर सरकवून काढत. ३.३ पासून त्या इशारा देऊ लागल्या, ३.५ पासून मूळ निवड 'ऑटो' झाली. 'निअरेस्ट' स्पष्ट लिहा, प्रश्न मिटतो. 'इमशो' च वापरायचं असेल तर 'एक्स्टेंट' मध्ये बिंदूंच्या नव्हे, घरांच्या कडा द्या: ६६.५ नव्हे, ६६.३७५.

तपासायचं कसं? त्याच नकाशावर इंदूरचा ठिपका 'स्कॅटर' ने टाका आणि ठिपका ज्या घरात पडलाय त्याचा रंग आधी छापलेल्या आकड्याशी जुळवा. आणि हो, तपास संपेपर्यंत 'कंटूरएफ' वापरू नका. त्याच्या गुळगुळीत रेषा अशा चुका झाकतात आणि २५ किलोमीटरच्या डेटाला नसलेली बारकाई आणतात.

रंगांचं थोडक्यात: पावसासाठी पट्टे हवामान खात्याच्याच वर्गांवर तोडा, म्हणजे २.५, १५.६, ६४.५, ११५.६ आणि २०४.५ मिलिमीटर. 'बाउंडरीनॉर्म' हे करून देतं. दोन दिवसांचे नकाशे शेजारी ठेवायचे तर पट्टी एकच हवी, नाहीतर तुलना खोटी.

शून्य ते ३६० चं भूत

इंटरनेटवर शोधलं की प्रत्येक जण सांगतो, रेखांश शून्य ते ३६० वरून उणे १८० ते १८० वर आणा. भारत साधारण ६८ ते ९७ पूर्व रेखांशांत बसतो. तिथे दोन्ही पद्धतींत आकडे तेच. फक्त भारत काढत असाल तर याच्या नादी लागू नका. ग्रीनिचच्या पश्चिमेला जायचं असेल तरच बदला, आणि बदलल्यावर रेखांश पुन्हा क्रमाने लावायला विसरू नका. जुन्या ज्योतिषगणितात शून्य रेखांश उज्जैनमधून जायचा. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच ठरलं नसतं, तर नकाशाचा हा सांधा आपल्याच दारातून गेला असता आणि मग हा परिच्छेद बराच लांबला असता.

सीमा आणि शेपफाइल

सीमा दिसतच नसतील तर आधी इंटरनेट तपासा. कार्टोपाय किनारपट्टी आणि सीमा पहिल्यांदा वापरताना नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-डेटाच्या साइटवरून उतरवतं. कॉलेजच्या नेटवर्कमध्ये ते अडलं तर कोड लटकतो. घरी एकदा चालवून घ्या.

स्वतःची शेपफाइल, म्हणजे सीमांची फाइल, असेल तर तिचे चार सोबती एकाच फोल्डरमध्ये हवेत: एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे. व्हॉट्सॲपवरून फक्त एसएचपी आलेली असते, हे ठरलेलं. मग सीमांचे आकडे छापा. ७५ आणि २२ असे असतील तर अंश. पाच-सहा लाख आणि पंचवीस लाख असे असतील तर यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये मोजायची पद्धत. इंदूर आणि वडोदरा ४३ व्या पट्ट्यात येतात, पण पट्टा ७८ रेखांशावर बदलतो आणि ग्वाल्हेर ७८.२ वर आहे, म्हणजे ४४ व्या. संपूर्ण मध्य प्रदेशाला एकच पट्टा लावणारे इथे फसतात. ग्वाल्हेरची ४४ ची फाइल ४३ समजून वाचली की शहर सहा अंश पश्चिमेला, जोधपूरच्याही पलीकडे जातं. जिओपांडाजमध्ये (शेपफाइल वाचणारी लायब्ररी) मूळ पट्टा नीट सांगून मग अंशांत आणा. पीआरजे हरवली असेल तर अंदाज लावू नका, ज्याने फाइल दिली त्याला विचारा.

कार्टोपाय उघडतच नाही

सगळ्यात कटकटीचा भाग, म्हणून शेवटी. कार्टोपायच्या खाली प्रोज आणि जिऑस या लायब्ऱ्या असतात. काही गोष्टी पिपने आणि काही कोंडाने, म्हणजे लायब्ऱ्या बसवायच्या दोन वेगळ्या साधनांनी, टाकल्या की दोन आवृत्त्या एकमेकींवर आदळतात. प्रोजचा डेटाबेस सापडत नाही अशी तक्रार येते, किंवा नोटबुकचं कर्नल न बोलता मरतं. जुनं दुरुस्त करत बसू नका. नवं एन्व्हायर्नमेंट (लायब्ऱ्यांचा वेगळा कप्पा) बनवा, एक्सअरे, नेटसीडीएफ४, मॅटप्लॉटलिब, कार्टोपाय आणि जिओपांडाज सगळं एकाच वेळी कोंडा-फोर्ज मधून टाका, आणि त्यात पुढे पिप वापरू नका.

कुठे थांबायचं

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर लायब्ऱ्या नव्याने टाकायचा वरचा प्रयोग करू नका, तो सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम आहे. तुमच्यासोबत इतरांचंही बंद पडेल.

नवी प्रत उतरवूनही नेटसीडीएफ एचडीएफ-एरर देत असेल तर डेटा देणाऱ्याला कळवा. तुमच्या बाजूने करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एका ग्रिडवरून दुसऱ्यावर डेटा न्यायचा असेल आणि नंतर पावसाची बेरीज करायची असेल, तर साधं 'इंटर्प' नको. त्यात एकूण पाणी कमीजास्त होतं. क्षेत्रफळ सांभाळणारी पद्धत लागते आणि ती निवडायला हवामानशास्त्र शिकलेलं माणूस हवं. डब्ल्यूआरएफसारख्या हवामान-अंदाजाच्या मॉडेलचं वळलेलं ग्रिड असेल, जिथे अक्षांश आणि रेखांश दोन्ही द्विमित असतात, तर काढायला हरकत नाही, पण कापण्याआधी विचारा.

पीकविम्याचा दावा, धरणातून पाणी सोडणं, पुराची रेषा: असं काही या नकाशावर ठरणार असेल तर इथेच थांबा. हवामान खात्याचा अधिकृत आकडा मागा. आणि नकाशा छापायचा किंवा प्रसिद्ध करायचा असेल तर देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाची हवी. नॅचरल अर्थची मूळ सीमा काश्मीरमध्ये आपल्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही.

मदत मागायला याल, माझ्याकडे किंवा कुणाकडेही, तेव्हा नकाशाचा फोटो एकटा पाठवू नका. डेटासेट छापल्यावर दिसतं ते सगळं, किमान-कमाल, अक्षांशांचे पहिले दोन आकडे, इंदूर आणि शिलाँग या दोन बिंदूंच्या किमती, आणि लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या, एवढं मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट नको, त्यातून आकडे कॉपी होत नाहीत.